मिरजेच्या टायपिंगच्या दुकानात लिब्रेऑफिस: काम चोख, पण मजुरीचा रोज कोण देणार?

माझं मिरजेत टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, एक जुनं झेरॉक्स मशीन. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेची पत्रकं, आणि फळछाटणीपासून माल बेदाण्याच्या शेडवर जाईपर्यंत द्राक्षबागायतदारांची हजेरीपत्रकं. २०१९ च्या दिवाळीपासून हे सगळं मी लिब्रेऑफिसवर करते, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखंच काम करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर. त्याआधी दुकानात मायक्रोसॉफ्ट ऑफिसची चोरीची कॉपी चालायची. एकानं पेनड्राइव्हवरून टाकून दिली होती आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. मनाला ते बरं वाटत नव्हतं, म्हणून बदललं. तेव्हा एवढंच कळलं होतं की हे फुकट आहे आणि कायदेशीर आहे. फुकट म्हणजे काय, हे कळायला पुढची चार-पाच वर्षं गेली, म्हणून हा अभिप्राय लांबणार आहे.

आधी काम कसं करतं ते सांगते.

मराठी उत्तम दिसतं. माझी आधीची सगळी कामं जुन्या फाँटांत होती. गिऱ्हाइकाकडं तो फाँट नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं यायची. आता सगळं युनिकोडमध्ये, बहुतेक ‘मुक्ता’ फाँटात. ‘कऱ्हाड’मधला र डोळ्याच्या पापणीसारखा नीट वळतो, ‘ख्रिस्त’ तुटत नाही, ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ जागेवर बसतात. हे आपोआप होत नाही. अक्षरं जोडायचं काम आतमध्ये हार्फबझ नावाचा एक भाग करतो. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडं लिब्रेऑफिसनं तोच वापरायला घेतला. त्याआधी प्रत्येक सिस्टीमची जोडणी वेगळी असल्यानं एका संगणकावर नीट मांडलेलं पान दुसऱ्यावर हलायचं. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोनमध्येही हार्फबझच आहे. म्हणजे तुम्ही हे मराठी ज्या पडद्यावर वाचताय तिथंही अक्षरं जोडणारा बहुधा तोच असेल.

पीडीएफ एका बटणावर होते आणि छापखान्यात तक्रार येत नाही. फक्त चार रंगांच्या छपाईचं काम यात करू नका. त्यासाठी मी पानं मांडायचं स्क्रायबस वापरते, तेही असंच मोकळं, म्हणजे कुणीही वापरावं आणि बदलावं असं सॉफ्टवेअर आहे.

कॅल्कवर, म्हणजे त्यातल्या हिशेबाच्या भागावर, माझा सगळ्यात जीव आहे. बागायतदार वही घेऊन येतात. टोळीतल्या बायकांची नावं, पुढं टिकल्या, मध्येच ‘अर्धा’, मध्येच ‘उचल ५००’. मी एक पत्रक बनवून ठेवलंय: आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत नावं, शेवटी दिवस, रोज, उचल वजा, बाकी. विरळणी आणि डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) दिवसांत एका वेळी चाळीस-पन्नास नावं असतात. सूत्र एकदा घातलं की हिशेब चुकत नाही. आणि चुकला तर एखाद्या बाईच्या पदरात चारशे रुपये कमी पडतात, म्हणून मी प्रत्येक पत्रक छापण्याआधी हातानंही एकदा मोजते.

उणं सांगते. वर्डमध्ये केलेली, तक्ते असलेली फाईल उघडली की कधी कधी तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर सरकते. सरकारी नमुन्याच्या अर्जात हे फार त्रासाचं होतं. सहा वर्षांत कमी झालंय, संपलेलं नाही. मराठी शुद्धलेखन तपासणी मी वेगळी पुरवणी म्हणून बसवली. ती बरी आहे, पण ‘शेजारच्यांनासुद्धा’ असा तीन प्रत्ययांचा शब्द आला की खाली लाल रेघ येते. गंमत म्हणजे तपासणीचं जे यंत्र आतमध्ये आहे, हनस्पेल, ते मुळात हंगेरियन भाषेसाठी बनवलंय, आणि तीही आपल्यासारखीच प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी. म्हणजे यंत्रात ताकद आहे, आपल्या शब्दांची यादी भरायला माणसं कमी पडतात.

इथंच माझा भाचा येतो. तो सांगलीत इंजिनिअरिंग शिकत होता तेव्हा रात्री जेवण झाल्यावर लिब्रेऑफिसच्या मेनूंचं मराठी करायचा. वेबलेट नावाच्या संकेतस्थळावर इंग्रजी ओळी असतात, त्यांच्यापुढं मराठी लिहायचं. ‘तळटीप’ चांगलं की ‘पादटीप’, यावर त्यानं मला दोनदा फोन केला होता. माझी वहिनी विचारायची, “किती मिळतात रे याचे?” तो म्हणायचा, “काही नाही गं आई.” नोकरी लागली आणि ते काम सुटलं. माझ्या दुकानात आजही मेनूचा काही भाग मराठीत आहे आणि मध्येच इंग्रजी सुरू होतं. जिथं मराठी थांबतं तिथं मला त्याची नोकरी लागल्याची तारीख दिसते.

आणखी एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली. एका संस्थेनं मला त्यांच्या कारकुनांना लिब्रेऑफिस शिकवायला बोलावलं. आठ दिवस, रोज दोन तास. मी टिपणं छापून नेली. शेवटी बिल दिलं तर साहेब म्हणाले, “मॅडम, सॉफ्टवेअरच फुकट आहे, मग शिकवण्याचे पैसे कसले?” पैसे मिळाले नाहीत. सोळा तास गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या वाक्यानं मला जास्त लागलं. वस्तूची किंमत शून्य दिसली की तिच्या आसपास राबणाऱ्या प्रत्येकाची किंमत शून्य धरली जाते. त्या दिवशी मला माझा भाचा आठवला, आणि पहिल्यांदाच वाटलं की सहा वर्षांत मी स्वतः तरी कुणाला काय दिलंय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरसभेत बायबलमधल्या मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक मालक पहाटे नाक्यावर जाऊन दिवसाला एक दीनार ठरवून मजूर लावतो. दीनार म्हणजे साध्या मजुराचा एक रोज. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, शेवटी संध्याकाळी पाचला जातो, आणि दरवेळी रिकामे उभे असलेल्यांना मळ्यात पाठवतो. सूर्य मावळल्यावर कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून सगळ्यांना मजुरी दे. पाचला आलेल्यांना पूर्ण दीनार मिळतो. पहाटेच्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळेल. त्यांनाही एकच मिळतो, आणि ते कुरकुरतात.

पाळकसाहेबांनी नेहमीचा अर्थ सांगितला: देवाची कृपा कामाच्या तासांवर मोजली जात नाही. आधीच्याच अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो, आम्हाला काय मिळणार? हा दाखला त्याचं उत्तर आहे. हे मला मान्य आहे, मी लहानपणापासून असंच ऐकलंय.

पण मी तिथं सॉफ्टवेअरचा विषय काढला. सांगितलं की मी रोज वापरते ती वस्तू करणाऱ्यांत काहींना पगार आहे आणि काहींना छदामही नाही. तेव्हा आमच्यातले एक वडीलधारे काका, हिशेबाला फार पक्के, त्यांनी तेराव्या वचनावर बोट ठेवलं. मालक म्हणतो, मित्रा, मी तुझ्यावर अन्याय करत नाही, तू माझ्याशी एक दीनार ठरवला होतास ना? काका म्हणाले, “बघ बाई, त्या पोरांनी शून्य ठरवलंय. लायसनमध्ये लिहूनच दिलंय. मग शून्य दिलं तर अन्याय कुठं झाला?”

मला तिथं लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री घरी येऊन परत वाचलं, आणि पुढचे दोन महिने हाच विषय डोक्यात राहिला.

पहिली गोष्ट, ठरलेला दीनार हा पोटाला पुरणारा होता. पूर्ण दिवसाचं अन्न. मालक ‘ठरलं होतं’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात द्यायला पूर्ण रोज असतो. रिकामा हात पुढं करून तेच वचन म्हणायची सोय दाखल्यात नाही. दुसरी, नऊ वाजता लावलेल्यांशी त्यानं आकडा ठरवलाच नव्हता. ‘जे योग्य ते देईन’ एवढंच म्हणाला होता. म्हणजे आकडा न ठरलेल्यांच्या बाबतीत योग्य काय ते ठरवायची जबाबदारी देणाऱ्यावर येते.

तिसरी गोष्ट मला आबांनी दाखवली. आबा म्हणजे तासगाव भागातले माझे जुने गिऱ्हाईक, अडीच एकर बाग, निम्मा माल बेदाण्याला. हजेरीपत्रक घ्यायला आले होते. मी दाखला सांगितला. ते माळकरी, पण मन लावून ऐकलं. म्हणाले, “ताई, संध्याकाळी पाचला कुणी माणूस लावत नाही. पाऊस येतोय आणि माल काढायचाय, असं असलं तरच. तसं नसंल तर तो मालक कामासाठी माणूस बघत नव्हता, माणसासाठी काम बघत होता.” थोडं थांबून म्हणाले, “पण मग दुसऱ्या दिवशी पहाटं कोण येणार, ते लिवलंय का?”

ते लिहिलेलं नाही. मी आबांना काकांचं लायसनचं म्हणणं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या पोरांनी दिलंय काय नेमकं? मी म्हटलं, केलेलं काम दिलंय, कुणीही वापरा, कुणीही बदला. ते म्हणाले, “म्हणजे तोडलेली द्राक्षं दिली. पुढच्या सालची छाटणी कबूल केली का?”

आबांच्या या प्रश्नानं माझा गुंता सुटला. लायसन हे काढलेल्या मालाचं दान आहे. लिब्रेऑफिसच्या लायसनमध्ये तर सरळ लिहिलंय की वस्तू आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही. पण आम्ही वापरणारे तिथं थांबत नाही. तक्ता सरकला की तक्रार लिहितो. सुरक्षेत भगदाड सापडलं की ते कालच बुजवायला हवं होतं असं म्हणतो. म्हणजे उद्याची फवारणी, परवाची विरळणी, पावसात रात्री उठून बाग बघणं, हे सगळं आम्ही मागतो, आणि ते कुणी कधीच फुकट कबूल केलेलं नाही. काकांचं ‘ठरलं होतं’ हे कालच्या घडांना लागू पडतं, उद्याच्या कामाला नाही.

लिब्रेऑफिसच्या मळ्यात कोण कोण आहे तेही पाहिलं. २०१० च्या सप्टेंबरात ओपनऑफिस या आधीच्या सॉफ्टवेअरमधून वेगळी होऊन ही मंडळी निघाली. त्यांची संस्था, डॉक्युमेंट फाउंडेशन, बर्लिनमध्ये आहे आणि देणग्यांवर चालते. कोडचा मोठा भाग कोलाबोरासारख्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रॅमर लिहितात. हे पहाटे ठरवून लावलेले मजूर. हार्फबझच्या मुख्य कारागिरानंही बरीच वर्षं गूगलसारख्या मोठ्या कंपन्यांत नोकरी केली. त्यांच्याबद्दल मला चिंता नाही.

पण लिब्रेऑफिसची कुठलीही ओडीटी (मजकुराची) फाईल घ्या, नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडा. आत कंटेंट डॉट एक्सएमएल नावाची फाईल असते, तुमचा सगळा मजकूर तिच्यात असतो. असल्या फाईली वाचायला वापरलेल्या भागांपैकी एक म्हणजे लिबएक्सएमएल२. तो जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅमांत बसलेला आहे, मोठमोठ्या कंपन्यांच्या मालातसुद्धा. आणि तो सांभाळणारा होता एकच माणूस, विनावेतन. जून २०२५ मध्ये त्यानं जाहीर केलं की सुरक्षेच्या तक्रारींसाठी आठवड्याला कित्येक तास जातात, बिनपगारी माणसाला हे झेपणारं नाही, यापुढं त्या तक्रारी मी इतर चुकांसारख्याच धरणार. त्याच वर्षी त्यानं ती जबाबदारीही सोडली. दाखल्यातले पाच वाजताचे मजूर म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. याला तर कुणी लावलं नसताना तो पहाटेपासून मळ्यात राबत होता, आणि संध्याकाळी कारभाऱ्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. जगातल्या बँका आणि दुकानं ज्या कुलपावर विसंबून होती, ते सांभाळणाऱ्यांना वर्षाला देणगी मिळत होती साधारण दोन हजार डॉलर. बातमी झाल्यावर पैसे आले. म्हणजे पाऊस आला आणि मालक नाक्यावर धावला.

पाऊस येण्याआधी जाणारेही आहेत, ते सांगायला हवं. बंगळूरच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलर. त्यात मला आवडलं ते हे: सॉफ्टवेअर करणाऱ्यानं एक छोटी फाईल ठेवायची आणि तिच्यात आपल्याला किती लागतं, कशासाठी लागतं, ते स्वतः लिहायचं. त्याच महिन्यात काही कंपन्यांनी दुसरी एक शपथ घेतली, आपल्याकडच्या प्रत्येक प्रोग्रॅमरमागं वर्षाला किमान दोन हजार डॉलर मोकळं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना द्यायचे. हा हिशेब बागायतदाराला लगेच कळेल, एकरामागं इतकं, झाडामागं इतकं.

याच दाखल्याच्या चौदाव्या वचनातल्या ‘या शेवटच्यालाही’ या शब्दांवरून जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं १८६० मध्ये मजुरीबद्दलचे चार निबंध लिहिले. गांधीजींनी ते १९०४ मध्ये आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये त्यांचा सार गुजरातीत दिला, ‘सर्वोदय’ या नावानं. वकिलाच्या कामाचं आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, कारण पोट दोघांनाही आहे, असं त्यांनी त्यातून घेतलं. सर्वोदय हा शब्द आपण कितीदा ऐकला असेल. तो द्राक्षमळ्यातून आलाय हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तर किंमत. प्रत्येक अभिप्रायात किंमत लिहायची असते, आणि लिब्रेऑफिसपुढं सगळे शून्य लिहितात. संस्थेनं स्वतःही २०२२ मध्ये मॅकच्या स्टोअरवर ८.९९ युरो किंमत लावली, पण तिच्या संकेतस्थळावरून ते फुकटच मिळतं. मी माझ्या दुकानापुरती किंमत ठरवली आहे: महिन्याला एक रोज. आमच्याकडं बागेत बाईमाणसाचा रोज सध्या चारशे रुपये आहे, म्हणून चारशे. महिन्याला माझी चाळीसएक मोठी बिलं होतात. प्रत्येक बिलात दहा रुपयांची वेगळी ओळ घालते: ‘सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी’. कुणी नको म्हटलं तर ओळ खोडते आणि ते दहा मी घालते. एक महिना बर्लिनच्या संस्थेला, एक महिना आत दडलेल्या एखाद्या छोट्या भागाच्या माणसाला. असा माणूस शोधायलाच माझी एक संध्याकाळ जाते, कारण देणगी कुठं द्यायची हे पुष्कळांनी लिहिलेलंच नसतं.

पैसे पाठवणं सोपं नाही, हे याच सेवेचं मोठं उणं म्हणून नोंदवते. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते चालू करून घ्यावे लागले. पहिल्यांदा व्यवहार अडकला, दुसऱ्यांदा गेला. चारशे रुपयांवर बँकेचा आकार वेगळा. यूपीआयनं देता आलं असतं तर माझ्यासारखी शेकडो दुकानं सांगली-मिरजेत आहेत, त्यातल्या निम्म्यांनी तरी दिले असते असं मला मनापासून वाटतं. म्हणून आता मी तीन महिन्यांचे बाराशे एकदम पाठवते. बायबलमधल्याच लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा अडवून ठेवू नको म्हटलंय. मी ती तीन महिने अडवते, हे मला खटकतं, आणि अजून दुसरा मार्ग सापडलेला नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे, पण त्यांच्या घरच्या प्रार्थनासभेची पत्रिका छापली तेव्हा दहाची ओळ त्यांनी खोडायला लावली नाही.

घ्यावं का लिब्रेऑफिस? टायपिंगच्या दुकानानं, शाळेनं, पतसंस्थेनं, बागायतदारानं जरूर घ्यावं. मराठीसाठी पाचात पाच, हिशेबासाठी पाचात पाच, वर्डच्या फाईलींसाठी तीन. बसवून घ्यायला आणि शिकायला कुणाला बोलावलं तर त्यांचे पैसे त्याच दिवशी द्या. सरकारी नमुन्याचा तक्ता सरकतो त्याची रीतसर तक्रार मी नमुना फाईल जोडून नोंदवली आहे. ओळ जागेवर थांबली की इथं येऊन लिहीन.